बातमी वाचणाऱ्याचे नाव

दुसऱ्याने लिहून दिलेले वाक्य आपण मोठ्याने वाचून दाखविले, तर त्या वाक्याचा जाब कोणी द्यावयाचा? लिहिणाऱ्याने, की वाचणाऱ्याने? लिहिणाऱ्याने, असे उत्तर आपण चटकन देऊन टाकतो. पूर्वी गावोगाव कोतवाल दवंडी पिटत असे. साऱ्याची मुदत जाहीर करणाऱ्या त्या कोतवालावर सारा वाढविल्याचा राग कोणी काढीत नसे. पोस्टमनने वाईट बातमीचे पत्र आणून दिले म्हणून त्याच्या तोंडावर कोणी दार आपटीत नाही. मग दूरचित्रवाणीवर बातम्या वाचणाऱ्या स्त्रीपुरुषांविषयीच हा प्रश्न कशासाठी उकरून काढावा, असे कोणी म्हणेल.

परंतु वाचकहो, पोस्टमनच्या हातचे पाकीट बंद असते. बातमी वाचणारा ते पाकीट आपल्या तोंडाने उघडतो.

आमच्या सीमाभागात हा प्रश्न रोज सकाळी चहाबरोबर घरात येतो. निपाणीपासून खानापुरापर्यंत कितीतरी घरांत वर्तमानपत्र दारात पडण्याआधी टी.व्ही. लागलेला असतो. एक बटण दाबले की मुंबईची मराठी वाहिनी, दुसरे दाबले की बंगळूरची कन्नड, आणि तिसरे दाबले की आपल्याच गावची केबलवरची स्थानिक वाहिनी. या तिसऱ्या ठिकाणी कोणत्या भागात पाणी कधी येणार, वीज कुठे बंद राहणार, बाजार समितीत काय भाव निघाला, कोण वारले, हे सांगितले जाते. मुंबई-बंगळूरचे निवेदक आपण पडद्यावरच पाहतो. स्थानिक निवेदक मात्र दुपारी खडे बाजारात आपल्या शेजारीच भाजी घेताना दिसतो.

बातम्या वाचणे हा मराठीत प्रतिष्ठेचा व्यवसाय झाला तो मुंबई दूरदर्शनमुळे. ते केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. आरंभीच्या काळात तेथे बातम्या वाचणाऱ्यांत भक्ती बर्वे होत्या, स्मिता पाटील होत्या, बालसाहित्यकार अनंत भावे होते. पहिल्या दोघी पुढे अभिनयाने देशभर गाजल्या, पण कित्येक घरांत त्यांची पहिली ओळख बातम्यांमुळे झाली. मराठी घरांतील दोन-तीन पिढ्यांच्या कानांत बसलेला आवाज मात्र प्रदीप भिडे यांचा. 1974 पासून ते दूरदर्शनवर होते, आणि 7 जून 2022 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा घरचे माणूस गेल्यासारखी हळहळ अनेकांनी व्यक्त केली. शुद्ध उच्चार, भारदस्त स्वर, आणि चेहऱ्यावर बातमीपेक्षा अधिक काही न दाखविण्याचा संयम, ही त्यांची मिळकत. आजच्या आरडाओरड्यात त्या संयमाची किंमत फार वाढली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या व्यवसायाची एक गंमत अशी, की आकाशवाणी-दूरदर्शनवर वाचणारे कितीतरी जण कायम नोकरीत नसत. नैमित्तिक म्हणून बोलावले जात. पोटाचा उद्योग दुसराच असे. भिडे यांनी जाहिराती आणि माहितीपट यांनाही आपला आवाज दिला. त्यात गैर काही नाही. मजुराने दोन ठिकाणी राबावे तसेच ते. तथापि एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या आवाजावर लोकांनी बातमीसाठी विश्वास टाकला, तोच आवाज साबणाची शिफारस करू लागला म्हणजे तो विश्वासही साबणाबरोबर थोडा विकला जातो. विकत घेणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. आवाज गोड म्हणून कोणी पैसे मोजीत नाही, तो ओळखीचा आणि विश्वासाचा म्हणून मोजतो. म्हणजे वाचणारा केवळ ध्वनी पुरवितो, हे म्हणणे खुद्द बाजाराला मान्य नाही.

आकाशवाणीवरील बातमीपत्राचा आरंभ आठवून पाहा. आधी वाचणाऱ्याचे नाव येते, आणि अमुक आपल्याला बातम्या देत आहेत, असे सांगितले जाते. बातमी ज्याने मिळविली त्याचे नाव येत नाही, ज्याने निवडली त्या संपादकाचे येत नाही. येते ते वाचणाऱ्याचे. असे का? इंग्लंडच्या बी.बी.सी.वर पूर्वी हा प्रघात नव्हता. वाचणाऱ्याने अनामिक राहावे असा तेथील दंडक. 1940 साली युद्ध पेटले असताना तो बदलला. शत्रूने खोटा बी.बी.सी. उभा करून लोकांना भलतेच काही ऐकवू नये, म्हणून वाचणाऱ्याने आपले नाव सांगावे आणि लोकांनी त्याचा आवाज ओळखून घ्यावा, असे ठरले. म्हणजे नाव सांगणे ही शोभेची बाब नव्हती. दस्तऐवजाखाली सही करावी तशी ती तोंडी सही होती. सही करणाऱ्याने पुढे, मजकूर माझा नव्हे, असे म्हणून कसे चालेल?

जुन्या काळी निवेदकाच्या हातात कागद असत. तो खाली पाही, वाची, मग वर पाही. हा वाचतो आहे हे पाहणाऱ्याला दिसत असे. आता कॅमेऱ्यासमोर तिरकी काच असते, तिच्यावर अक्षरे सरकत जातात आणि ती आपल्याला दिसत नाहीत. आपल्याला वाटते, हा माणूस आपल्या डोळ्यांत डोळे घालून स्वतःला ठाऊक असलेलेच सांगतो आहे. कागद गेला, आणि हे शब्द दुसऱ्याचे आहेत ही प्रामाणिक खूणही त्याबरोबर गेली. वाचणाऱ्याचा भार यामुळे वाढला की कमी झाला, हे वाचकांनीच ठरवावे.

आता पवित्र शास्त्रातील एक बातमीदार पाहू. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात दावीद राजा दोन वेशींच्या मध्ये बसून रणातल्या बातमीची वाट पाहत आहे. सादोकाचा पुत्र अहीमास यवाबाजवळ हट्ट धरतो, की बातमी घेऊन मला धावू दे. यवाब त्याला आडवितो. आज राजाचा पुत्र मेला आहे, आजची बातमी तू नेऊ नये, असे सांगतो आणि कूशीला पाठवितो. तरी अहीमास ऐकत नाही. सपाटीच्या वाटेने धावत तो कूशीला मागे टाकतो. राजाला तो आधी जयाचे वर्तमान सांगतो. पण तरुण अबशालोम कुशल आहे ना, असे राजाने विचारताच तो म्हणतो की मोठी गडबड पाहिली खरी, ती कशाची ते कळले नाही. त्याला कळले होते. यवाबाने त्याला सांगितले होते. राजा त्याला बाजूला उभे राहावयास लावतो, मागून कूशी येतो, आणि खरे काय ते त्याच्या तोंडून राजाला कळते.

या वृत्तांतावर आम्ही ऐकलेल्या बहुतेक उपदेशांत दावीदाच्या शोकावर भर असतो, आणि ते योग्यच आहे. पण अहीमासाचे काय? त्याने खोटे रचून सांगितले नाही. त्याने फक्त ज्याची विचारणा झाली तेवढेच गिळले. बापाच्या काळजाला आपल्या तोंडून घाव बसू नये, ही दया त्यात असेल. अशी बातमी आणणाऱ्याचे दावीदापुढे काय झाले होते ते आठवून भयही वाटले असेल. शौलाच्या मृत्यूचे वर्तमान आणणारा अमालेकी तरुण जिवाला मुकला होता. कूशीनेही राजाच्या मनाची पर्वा केली. अबशालोम मेला हे त्याने थेट शब्दांत म्हटले नाही. राजाच्या सर्व वैऱ्यांची त्या तरुणासारखी गत होवो, असे आडवळणाने म्हटले. म्हणजे कसे सांगावे याची मुभा त्याने घेतली, सांगावे की नाही याची घेतली नाही. बातमी वाचणाऱ्याच्या साऱ्या नीतीचा गाभा आम्हांला या दोन धावणाऱ्यांमधील अंतरात दिसतो.

आणि हे अंतर आपल्या देशाने एका दिवशी फार मोठ्या प्रमाणावर अनुभविले आहे. 31 ऑक्टोबर 1984 रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यावर त्यांच्याच अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्या. दुपारी त्यांचा मृत्यू घोषित झाला. बी.बी.सी.ने ही बातमी जगाला दिली, गल्लोगल्ली ती कुजबुजीने पसरली; पण आकाशवाणीने मृत्यूची वार्ता सांगितली ती सायंकाळी सहाच्या सुमारास, आणि दूरदर्शनवर सलमा सुलतान यांनी ती वाचली तीही सायंकाळी. बंगालच्या दौऱ्यावर असलेल्या राजीव गांधींनीही प्रवासात बी.बी.सी. लावून खात्री करून घेतली, असे सांगतात. मधल्या तासांत आकाशवाणीच्या खुर्चीत जे कोणी बसले असतील, त्यांना काही ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे. मोठी गडबड पाहिली खरी!

त्या मौनामागे विचारही होता हे नाकारता येणार नाही. शीख बांधवांवर सूड उगविला जाईल ही भीती होती. पण मौनाने ती टळली काय? पुढच्या तीन-चार दिवसांत दिल्लीत आणि अन्यत्र निरपराध शिखांची जी कत्तल झाली तिला खऱ्या बातमीने नव्हे, अफवांनी पुष्कळ सरपण पुरविले. ज्या घरात अधिकृत आवाज गप्प असतो, त्या घरात कोणाचाही आवाज शिरतो. तथापि हा दोष त्या खुर्चीतल्या माणसावर ठेवावा असे आम्हांला वाटत नाही. हुकूम वरचा होता. मात्र हुकूम वरचा होता, हे वाक्य कुठपर्यंत पुरते, हा प्रश्न शिल्लक राहतो.

आणीबाणीत वर्तमानपत्रांवर नियंत्रण आले, तेव्हा 28 जून 1975 रोजी इंडियन एक्स्प्रेसने संपादकीयाची जागा कोरी सोडली. ती कोरी जागा वाचकाला बरेच काही सांगून गेली. बातमी वाचणाऱ्याला अशी कोरी जागा सोडता येत नाही. तो क्षणभर थांबला तर लोक म्हणतात, खोकला आला असेल. कागदाला जे साधते ते आवाजाला साधत नाही. आवाजापाशी वाचणे आणि उठून जाणे एवढ्या दोनच वाटा उरतात.

युक्रेनवर रशियाने स्वारी केल्यानंतर, 14 मार्च 2022 रोजी रशियाच्या सरकारी वाहिनीवर रात्रीचे बातमीपत्र चालू होते. येकातेरिना आंद्रेयेवा बातम्या वाचत होत्या. तेवढ्यात त्याच कार्यालयात संपादकाचे काम करणाऱ्या मरीना ओव्स्यान्निकोवा युद्धाविरुद्धचा फलक घेऊन त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि ओरडल्या. काही क्षणांतच दुसरे दृश्य लावण्यात आले. त्या काही क्षणांत पुढे बसलेल्या बाई वाचतच राहिल्या. मागे उभ्या राहिलेल्या बाईंचे धैर्य कोणालाही कळते. आमचे मन मात्र पुढच्या बाईंपाशी घुटमळते. त्यांनी काय करावयास हवे होते? वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेली शिस्त ती, आणि तीच शिस्त अन्य दिवशी आपण वाखाणली असती. जो संयम आम्ही वर गौरविला, तोच संयम अशा घटकेला माणसाला पुतळा करून टाकतो. याचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. पण संयम हा स्वतःच सद्गुण आहे असे समजून कोणी निर्धास्त राहू नये, एवढे खरे.

मॉस्को दूर आहे. आपल्या दाराशी येऊ. आमच्याकडे एकाच शब्दावरून वाचणाऱ्याची बाजू ठरते. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी आहे. मराठी माणसाच्या तोंडी ते बेळगावच आहे. निवेदकाने तोंड उघडून गावाचे नाव घेतले, की बातमी सुरू होण्याआधीच अर्धे घर त्याच्याकडे प्रेमाने आणि अर्धे संशयाने पाहू लागते. 1 नोव्हेंबर हा एका वाहिनीवर राज्योत्सव असतो, दुसरीवर काळा दिवस. सीमाप्रश्नाचा तर आरंभच आकाशवाणीशी जोडलेला आहे. 16 जानेवारी 1956 च्या रात्री पंडित नेहरूंनी राज्य पुनर्रचनेचा निर्णय रेडिओवरून सांगितला आणि दुसऱ्या दिवशी बेळगावात गोळीबार झाला. 17 जानेवारी हा दिवस येथील मराठी माणूस आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतो. बोललेल्या शब्दाला येथे किती किंमत मोजावी लागते, हे आम्हांला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

6 डिसेंबर 2022 रोजी हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगड पडले. त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासण्यात आले. दोन्ही घटना खऱ्या. पण ज्याला एका वाहिनीवर हल्ला म्हणावयाचे त्याला दुसरीवर निषेध म्हणावयाचे, आणि आपल्या बाजूने झाले असेल तर क्रम उलटा करावयाचा, ही रीत दोन्ही भाषांतील निवेदकांच्या अंगी आता मुरली आहे. आमच्या ओळखीच्या एका माउलीचा मुलगा त्या दिवशी कोल्हापुराहून माल भरून हुबळीकडे गेला होता. फुटलेली तीच एक काच पडद्यावर सकाळपासून पुनःपुन्हा फुटत होती आणि निवेदिकेचा स्वर प्रत्येक वेळी एक पायरी वर चढत होता. महामार्ग पेटला आहे, असाच समज करून ती माउली संध्याकाळपर्यंत उपाशी बसली. रात्री मुलाचा फोन आला. तो धारवाडच्या अलीकडे एका ढाब्यावर गाडी लावून, जेवून, झोपला होता. बातमीत खोटा शब्द एकही नव्हता. जे काही झाले ते स्वराने केले, आणि स्वर संपादकाने लिहून दिलेला नव्हता.

अशा वेळी काही जण म्हणतात, मग माणूस हवाच कशाला? यंत्राला ना राग, ना भाषेचा अभिमान. तेही आता आले आहे. जुलै 2023 मध्ये एका कन्नड वाहिनीने सौंदर्या नावाची संगणकाने घडविलेली निवेदिका आणली. 26 मे 2024 रोजी दूरदर्शनच्या किसान वाहिनीवर क्रिश आणि भूमी अवतरले. ते पन्नास भाषांत बोलू शकतात, थकत नाहीत, असे सांगण्यात आले. पण त्यांनाही नावे द्यावी लागली, हे लक्षात घ्या. नाव ऐकल्याशिवाय लोकांचा विश्वास बसत नाही. मात्र बी.बी.सी.च्या निवेदकाने नाव सांगितले तेव्हा त्या नावाचा माणूस दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटू शकत होता. भूमीला कोणत्या बाजारात गाठावे? वाचणारा केवळ तोंड आहे हे जर खरे असते, तर या यंत्रांपुढे आपल्याला काहीच चुकल्यासारखे वाटले नसते.

आमच्यासारख्या स्थानिक उपदेशकांना हा विषय परका नाही. रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचणारा भाऊ वा बहीण दुसऱ्याचेच शब्द वाचते. मंडळीच्या सूचनाही कोणीतरी लिहून दिलेल्या असतात. लग्नाच्या जाहीर सूचनेत नाव चुकले, तर वधूचे वडील पाळकांच्या कार्यालयात जात नाहीत, वाचणाऱ्यालाच दारात धरतात. आणि आमच्या मते ते बरोबर करतात.

स्थानिक केबल वाहिनीवर चार वर्षे सकाळचे बातमीपत्र वाचणारा एक तरुण आमच्याकडे येत असे. पहाटे साडेचारला उठावयाचे, सहाला खुर्चीत बसावयाचे, दहानंतर विम्याचे काम करावयाचे. वाहिनीच्या मानधनात पेट्रोल जेमतेम निघे. तो म्हणे, काका, तोंडात शब्द दुसऱ्याचे, पण बाजारात लोक अडवतात ते मला. एका निवडणुकीत त्याच्या हाती एका उमेदवाराच्या कामांची पानभर स्तुती आली, बातमी म्हणून. 2009 च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा देशभर गाजावाजा झाला होता, तो प्रकार गावपातळीवर किती साध्या रीतीने चालतो हे त्याच्याकडून कळले: वर कोणाचे नाव नाही, सही नाही, नुसते पान. त्याने एवढेच विचारले, की हे वाचण्याआधी ‘जाहिरात’ असा शब्द मी म्हणू का? त्या दिवशी ते पान दुसऱ्याने वाचले. दुसऱ्या दिवसापासून याच्याकडे राजकारणाच्या बातम्या आल्या नाहीत. पाणी, वीज आणि निधन वार्ता एवढेच उरले.

ते त्याने पुढे वर्षभर वाचले. गल्लीतली पोरे त्याला पाणीवाला म्हणू लागली. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे वार चुकला तर घरातली हंडी-घागर कोरडी राहते. लिहिलेला कागद समोर असतानाही रोज रात्री तो पाणीपुरवठ्याच्या माणसाला स्वतः फोन करून वार विचारून घेई. त्या माणसाला याचा त्रास होई आणि तो तसे बोलूनही दाखवी. तरी हा फोन करीच. कारण एकदा कागदावर मंगळवार होता आणि पाणी सोमवारी सुटणार होते.